लक्ष्मणराव किर्लोस्कर : आपल्या मुलांना सांगायलाच हवे असे चरित्र

बेळगावच्या बाजारात येऊन किर्लोस्कर रोडवरून गेला नाही असा माणूस आपल्या मंडळात सापडणार नाही. पण हे किर्लोस्कर कोण, असे मंडळाच्या उन्हाळी वर्गात आम्ही मुलांना विचारले, तेव्हा वीसेक मुलांपैकी दोघांनी पाण्याच्या पंपाचे नाव घेतले, एका मुलीने नाटकवाले अण्णासाहेब सांगितले आणि बाकीची गप्प बसली. चूक मुलांची नव्हती. त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते.

हा वर्ग आम्ही बँकेतून निवृत्त झालेली काही मंडळी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी घेतो. पैसा कसा येतो, कसा जातो, नोकरी म्हणजे काय, धंदा कसा उभा राहतो, एवढाच विषय. पहिल्या वर्षी आम्ही बचत खाते, व्याजाचे कोष्टक, चेक कसा लिहावा असे शिकवत बसलो आणि मुले जांभया देऊ लागली. मग कोष्टक बाजूला ठेवून लक्ष्मणरावांचे चरित्र सांगायला घेतले. भांडवल, उधारी, तारण, पत हे सारे त्यात आपोआप आले. मुलांना जे सांगितले तेच येथे त्यांच्या आईवडिलांसाठी लिहीत आहोत, कारण मुलांइतकीच त्याची गरज आपल्यालाही आहे असे आम्हाला वाटते.

रंग हुकले, रेषा राहिल्या

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. म्हणजे एका लहानशा गावाने मराठी माणसाला संगीत नाटकही दिले आणि लोखंडी नांगरही दिला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या होत्या, यंत्रे नव्हती. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमत नसे. त्याला दोनच गोष्टी आवडत, चित्रे काढणे आणि यंत्राशी खेळणे.

१८८५ साली, म्हणजे आजच्या हिशोबाने दहावी-अकरावीच्या वयात, वडिलांच्या मनाविरुद्ध त्याने मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठले. पैशाची मदत केली ती थोरल्या भावाने, रामुअण्णांनी. हे भावाचे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते वारंवार येणार आहे.

दोन वर्षे चित्रकला शिकल्यावर असे ध्यानात आले, की या मुलाला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्याच्या वाट्याला रंगांधळेपणा यावा, यापरते दुर्दैव कोणते? घर सोडून, वडिलांना दुखवून, भावाचा पैसा घालून निवडलेला रस्ता विशीच्या आत बंद झाला होता.

आम्ही वर्गात येथे थांबतो आणि मुलांना विचारतो, आता काय करावे? बहुतेक मुले म्हणतात, घरी परत जावे. काही म्हणतात, दोन वर्षे आणि पैसे घातलेच आहेत तर अभ्यासक्रम तरी पुरा करावा. दुसरे उत्तर अधिक घातक आहे. जो पैसा गेला तो गेला, त्याच्यामागे आणखी पैसा घालायचा की नाही हा निराळा प्रश्न आहे, हे कळायला बँकेतल्या मोठ्या अधिकाऱ्यांनाही वेळ लागतो. लक्ष्मणाने दोन्ही केले नाही. चित्रकलेबरोबर तो यांत्रिक आरेखनही शिकला होता. त्याला रंग लागत नाहीत, रेषा लागते. रंग गेले तरी रेषा हातात होती. ती धरून तो यंत्रविद्येकडे वळला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचा शिक्षक झाला.

तेथे त्यांनी पगारापुरते काम करून घरचा रस्ता धरला नाही. संस्थेच्या कारखान्यात लेथ होते, भट्ट्या होत्या. शिकवण्याचे तास संपले की ते यंत्रांपाशी जात आणि एकेक यंत्र हाताने चालवून शिकत. अमेरिकेतील यंत्रविषयक मासिके वाचत. त्यांच्याजवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती आणि पुढेही कधी नव्हती. जे होते ते हाताने मिळवलेले होते.

नोकरी मुंबईत, दुकान बेळगावात

त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. आजच्या मोटारगाडीपेक्षाही तिचा थाट मोठा. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला रामुअण्णांकडे पाठवायला सुरुवात केली. रामुअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो, म्हणजे तेव्हा लक्ष्मणराव एकोणीस वर्षांचे होते.

या लहानशा धंद्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एक म्हणजे, त्यांनी नोकरी सोडून धंदा सुरू केला नाही. पगार चालू होता आणि शेजारी धंदा चाचपून पाहिला जात होता. बुडाला असता तरी चूल पेटायची थांबली नसती. दुसरे, दोन भावांनी कामे वाटून घेतली होती. खरेदी आणि यंत्राची पारख मुंबईला, विक्री आणि गिऱ्हाईक बेळगावला. तिसरी गोष्ट मुलांना फार आवडते. सायकल नुसती विकून भागणार नव्हते. ज्याने जन्मात सायकल पाहिलेली नाही, तो ती घेऊन करणार काय? म्हणून चालवायला शिकवणे हा विक्रीचाच भाग झाला. नवी वस्तू विकायची तर आधी तिचा वापर शिकवावा लागतो, हे त्या वयात या भावांना उमगले होते. पुढे नांगराच्या वेळी हेच उपयोगी पडले.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना बढती मिळायची होती. ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. अपमान झाला म्हणून नोकरी सोडली, एवढेच सांगून पुष्कळ लोक येथे टाळ्या घेतात. आम्ही मुलांना त्यापुढचेही सांगतो. राजीनामा दिला त्या दिवशी हाताशी शिकलेले कसब होते, नऊ वर्षे चाललेली सायकलीची विक्री होती आणि खांद्याला खांदा लावून उभा असलेला भाऊ होता. हे तिन्ही नसते तर तो राजीनामा केवळ राग ठरला असता.

दोन वर्षे न खपलेला नांगर

बेळगावला परतल्यावर किर्लोस्कर बंधूंनी छोटा कारखाना घातला. पहिला महत्त्वाचा माल म्हणजे कडबा कापायचे यंत्र. गाय-म्हशीला अख्खा कडबा टाकला की निम्मा पायाखाली जातो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कापून टाकला तर सगळा खाल्ला जातो. यंत्राचा फायदा डोळ्यांना दिसणारा होता.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. हे साल १९०३. आपल्याकडे तोवर लाकडी नांगर. त्याने जमीन खोलवर उलटत नाही, हरळीसारख्या तणाची मुळे तशीच राहतात. परदेशी लोखंडी नांगर येत होते, ते पाहून लक्ष्मणरावांनी आपला नांगर बनवला. माल चांगला, काळाची गरज, किंमत आवाक्यात येण्याजोगी. तरी पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

कारण काय, तर लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वर्गात हे ऐकून मुले हसतात. आम्ही त्यांना हसू देतो आणि मग शेतकऱ्याच्या जागी बसवतो. चार एकर जमीन, वर्षाला एक पीक, घरात खाणारी आठ तोंडे. शहरातला कोणी शिकलेला माणूस येऊन सांगतो, की बापजाद्यांचा नांगर टाक आणि हा घे. प्रयोग फसला तर वर्ष उपाशी जाणार ते शेतकऱ्याचे, सांगणाऱ्याचे नव्हे. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करतो. लोखंडी मोडला तर काय? असा विचार केला, की विषाच्या समजुतीमागची भीती कळू लागते. गिऱ्हाईक मूर्ख आहे असे म्हणणाऱ्याचा धंदा चालत नाही. त्याची भीती कोणती, हे शोधणाऱ्याचा चालतो.

आता पैशाचा हिशोब. आम्ही फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडतो. समजा सहा नांगर केले, प्रत्येकाला ३० रुपये खर्च आला आणि ४० ला विकायचे ठरवले. मुले पटकन सांगतात, नफा ६० रुपये. मग विचारतो, दोन वर्षे एकही खपला नाही तर आज खिशात किती? उत्तर येते, १८० रुपये कमी. कागदावर ६० चा नफा आणि खिशात १८० चा खड्डा, दोन्ही एकाच वेळी खरे. कारागिरांना मात्र दर शनिवारी पैसे हवे असतात, ते त्यांना नांगराच्या रूपात देता येत नाहीत. खेळते भांडवल म्हणजे काय, हे आम्ही बी.कॉम.ला पुस्तकातून शिकलो होतो. मुलांना ते नांगरावरून दहा मिनिटांत कळते. आणि किर्लोस्करांनी ती दोन वर्षे कशी काढली, हेही त्यांना मग आपोआप सुचते. घरात दुसरा चालणारा माल होता. कडबा कापायच्या यंत्राने नांगराला जगवले.

न खपलेले नांगर कोपऱ्यात पडले असतानाही लक्ष्मणरावांनी तो नाद सोडला नाही. शेतकऱ्याच्या तक्रारी ऐकून नांगर सुधारत नेला. पहिली विक्री झाली, मग दुसरी झाली. एकाच्या शेतातली नांगरट शेजारच्याने बांधावरून पाहिली, की निम्मी जाहिरात आपसूक होते.

बेळगाव सुटले

धंदा असा मार्गी लागत असताना बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितले. तेथे नवी वसाहत व्हायची होती. जागा गेली म्हणजे भट्टी, शेड, मांडलेली यंत्रे, सगळे गेले. चाळिशीचा माणूस पुन्हा रस्त्यावर आला.

त्याच सुमारास लक्ष्मणराव औंधला एका मोठ्या मंडपाचे काम करत होते. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेचे आणि कसबाचे चाहते. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

जागा सुमारे बत्तीस एकर होती, पण ती कशी? निवडुंगाने भरलेला माळ आणि सापांचा सुळसुळाट. पाण्याची वानवा. जमेची बाजू एकच, शेजारून रेल्वे जात होती. १९१० साली लक्ष्मणराव, रामुअण्णा, त्यांचे कारागीर आणि त्यांची कुटुंबे या माळावर येऊन राहिली. निवडुंग तोडला, झोपड्या घातल्या, भट्टी पेटवली. तीच किर्लोस्करवाडी. पुढे त्या स्टेशनाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

हे कर्ज आमच्या टेबलावर आले असते तर

चरित्राच्या या टप्प्यावर आम्ही बँकवाले दर वेळी थोडे अस्वस्थ होतो. उभा जन्म आम्ही कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात घालवला. तेव्हा आम्ही मुलांसमोर हा प्रस्ताव आमच्या पद्धतीने मांडतो.

अर्जदाराचे वय चाळीसच्या वर. पदवी नाही. आधीच्या जागेतून उठवलेला. मुख्य मालाचा पहिला नग विकायला दोन वर्षे लागली. कारखान्याची नियोजित जागा ओसाड माळ. तारण द्यायला काही नाही. आमच्या छापील फॉर्ममध्ये हे भरले तर खाली एकच शेरा पडला असता, प्रस्ताव परत.

मग बाळासाहेबांनी काय पाहिले? आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी माणसाचे काम पाहिले. औंधच्या मंडपावर हा माणूस रोज कसा राबतो, बोलल्याप्रमाणे करतो की नाही, कारागीर त्याच्यामागे कसे उभे राहतात, हे त्यांच्या डोळ्यासमोर होते. बँकेच्या भाषेत याला पत म्हणतात. पत हा शब्द आज आपण क्रेडिट कार्डापुरता वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ एवढाच, की या माणसाच्या शब्दावर दुसरा माणूस पैसे ठेवतो.

येथे आम्हाला आमची एक गोष्ट कबूल करायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही बेळगावजवळच्या एका शाखेत असताना एक तरुण आला. आय.टी.आय. झालेला टर्नर, उद्यमबागेत पाच-सहा वर्षे काम केलेला. त्याला स्वतःचा लेथ घ्यायचा होता. जुन्या मालकाने काम द्यायचे लेखी कबूल केले होते. घर भाड्याचे, शेती नाही, जामीनदार म्हणून आणलेला मामा बिगारी काम करणारा. आम्ही नियमावर बोट ठेवले आणि कागद परत दिले. तो काम करत असलेल्या कारखान्यात जाऊन, त्याचा हात पाहून येणे एका दुपारचे काम होते. आम्ही गेलो नाही. त्या मुलाने शेवटी दुसऱ्या गावी जाऊन, त्याच जुन्या मालकाकडून उसने घेऊन लेथ टाकला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा त्याच्याकडे चौदा माणसे कामाला होती. त्याने आमची आस्थेने चौकशी केली, वाकून नमस्कारही केला. मागचा विषय काढला नाही. त्याने काढला असता तर बरे वाटले असते.

नियम वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. बँकेतला पैसा बँकेचा नसतो, तो ठेवीदारांचा, कुणाच्या तरी पेन्शनीचा, मुलीच्या लग्नाचा असतो. केवळ चेहऱ्यावर विश्वास टाकून दिलेली कर्जे बुडालेलीही आम्ही पाहिली आहेत. पण नियम वाचायला जितका वेळ दिला तितका माणूस वाचायला दिला नाही, ही चूक आमची. आणि एक गोष्ट मुलांच्या बाजूनेही सांगायला हवी. समोरच्याने आपल्याला ओळखावे असे वाटत असेल तर त्याला दिसेल असे काम आपल्यापाशी आधी असले पाहिजे. लक्ष्मणरावांना कर्ज मिळाले ते बाळासाहेब उदार होते म्हणूनच नव्हे. वीस वर्षांचे काम त्यांच्या मागे उभे होते.

माणसे

किर्लोस्करवाडीची खरी शिल्लक म्हणजे तेथली माणसे. कारभाराची घडी रामुअण्णांनी बसवली. शंभूराव जांभेकर कोणतेही यंत्र उघडून पुन्हा जोडणारे. मंगेशराव रेगे हिशोब सांभाळणारे. के. के. कुलकर्णी अडले काम सोडवणारे. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण यंत्राच्या कामात डोके असे, की शिकलेल्यांनी त्यांच्याकडून शिकावे.

आणि राखणीला कोण? तुकाराम आणि पिऱ्या नावाचे दोघे, तुरुंग भोगून आलेले. ज्यांना गाव दारात उभे करत नव्हते त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी वाडीची राखण दिली आणि ती त्यांनी इमानाने केली. औंधच्या राजाने आपल्यावर टाकलेला विश्वास त्यांनी असा पुढे दिला. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळू दिली जात नसे. त्या काळात, त्या भागात, हे बोलायला सोपे आणि पाळायला फार अवघड होते.

आपल्या मुलांचे गुण कमी पडले की घरात सुतक आल्यासारखे होते. अशा घरांना आम्ही फळणीकरांची आठवण देतो. अभ्यास करू नका असे त्यातून सांगायचे नाही. लक्ष्मणराव स्वतः जन्मभर वाचत आणि शिकत राहिले. सांगायचे एवढेच, की कामाची जागा मार्कलिस्टपेक्षा मोठी असते.

युद्ध, तोफा आणि दुसऱ्यांचा पैसा

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आवक आटली आणि किर्लोस्कर नांगराला मागणी आली. पण कच्चे लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंग मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि माल करायला लोखंड नाही, असा पेच. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. लढाईची तोफ वितळून शेतात नांगर म्हणून उतरली.

येथे एखादा मुलगा हमखास म्हणतो, की त्यांचे नशीब चांगले म्हणून युद्ध झाले. युद्ध सगळ्यांनाच झाले होते. पण ज्याच्याजवळ अकरा वर्षे सुधारत आणलेला नांगर तयार होता, त्यालाच त्या संधीचा उपयोग झाला. नशीब दार ठोठावते तेव्हा घरात माल असावा लागतो.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पंप असा शेतकऱ्याला लागणारा माल होत गेला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. लिमिटेड कंपनी म्हणजे आता भागधारकांचा, म्हणजे दुसऱ्यांचा पैसा आला. घरचा पैसा बुडाला तर घर रडते, लोकांचा पैसा घेतला की हिशोब चारचौघांत द्यावा लागतो. रेग्यांच्या वह्यांचे मोल येथे कळते. आम्ही मुलांना सांगतो, की वही लिहायची सवय कंपनी झाल्यावर लागत नाही, ती खाऊच्या पैशापासून लावावी लागते.

त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू झाले. कारखान्याची माहिती देता देता ते मराठी घराघरांत वाचले जाणारे किर्लोस्कर मासिक झाले, पुढे स्त्री आणि मनोहर ही भावंडेही आली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांचे हे कर्तृत्व. आपल्यापैकी अनेकांच्या आज्यांच्या ट्रंकेत त्यांचे जुने अंक अजून असतील.

१९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव पडले तेव्हा शेतकरी नांगर कुठून घेणार? एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या धंद्याचे हे दुखणे. तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचर करायला घेतले. नांगराला कडब्याच्या यंत्राने जगवले होते, तसेच हे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एम.आय.टी.तून १९२६ साली इंजिनिअर होऊन आले होते. बाप पदवीशिवाय यंत्र शिकला आणि मुलाला जगातल्या उत्तम शाळेत धाडले. हरिहरला लेथ बनवणारा कारखाना, १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना, हा पुढचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता आपले काम

बेळगावने लक्ष्मणरावांना उठवले आणि पुढे रस्त्याला त्यांचे नाव दिले. आज उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, मशीनशॉप आहेत, हाताचे कसब असलेली माणसे आहेत. तरीही आपल्या घरांत मुलाच्या नशिबी पुणे किंवा बंगळुरूची नोकरीच यावी, धंदा हे आपले काम नव्हे, असे आपण सांगत राहतो. असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

नोकरी वाईट नाही. लक्ष्मणरावांनीही नऊ-दहा वर्षे नोकरीत घालवली, आणि तेथेच ते शिकले. पण मुलाने घरात काही करून पाहायचे म्हटले तर आपण आधी काय विचारतो? किती मार्क पडले, लोक काय म्हणतील, बुडाले तर? त्याऐवजी त्याचे काम एकदा बसून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

वर्गाच्या शेवटी आम्ही मुलांना तीन कामे देतो. एक, सुट्टीत हाताचे एखादे काम शिकायचे, मग ते सायकलचे पंक्चर काढणे असो की शिवणाचे मशीन चालवणे असो. दोन, आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक रुपयाची वही लिहायची. तीन, कुणाकडून काही उसने घेतले तर परत द्यायची तारीख स्वतः ठरवून त्या तारखेला द्यायचे. तिसरे काम सर्वांत अवघड जाते आणि पत नावाची गोष्ट तेथूनच सुरू होते.

गेल्या वर्षी वर्ग संपल्यावर नववीतली एक मुलगी आपली वही दाखवायला आली. आईबरोबर ती घरी चकली, कडबोळी करून विकते. महिनाभराच्या हिशोबात तेल होते, भाजणी होती, गॅसही होता, पण तिच्या आणि आईच्या कष्टाची मजुरी कुठेच नव्हती. आम्ही ती जागा दाखवली. तिने ओळ वाढवून आकडा घातला, बेरीज केली आणि नफा एकदम उतरलेला पाहून हिरमुसली. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, की भाव वाढवायला हवा किंवा तेल घाऊक घ्यायला हवे.

यंदाही वर्ग मे महिन्यात आहे. आपापल्या मुलांना पाठवा. आणि शक्य असेल तर येण्याआधी त्यांना एकदा किर्लोस्कर रोडवरून पायी चालवत आणा.